१४० मैल, पाच मित्र आणि परदेशातलं बंदर: बोट २२ नॉटची असली तरी प्लॅन ७ नॉटचा करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ११ मीटरची मोटरबोट, आत दोन डिझेल इंजिनं, तुम्ही धरून पाच मित्र, किनाऱ्याच्या कडेकडेनं १४० नॉटिकल मैल (एक म्हणजे १.८५ किलोमीटर, पुढे नुसतं मैल म्हणतो) जाऊन शेजारच्या देशातल्या बंदरात मुक्काम आणि चौथ्या दिवशी घरी, कारण सगळ्यांची सुट्टी तेवढीच. बोट २२ नॉटनं, म्हणजे तासाला २२ मैल, आरामात चालते, दोन्ही इंजिनं मिळून तासाला ७० लिटर खातात, टाकी ७०० लिटरची. म्हणजे साडेसहा तासांच्या आत पोचणार, साधारण ४५० लिटर जाणार, २५० शिल्लक. तर एका दिवसात जमेल का आणि सोबत काय काय घ्यावं.

हिशोब चुकलेला नाहीये. सपाट पाणी, मागून हलकं वारं, खालून स्वच्छ तळ असेल तर दुपारपर्यंत तुम्ही तिकडे असाल. माझं काम लोकांच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायचं, त्यात परदेशातली बंदरंही आली, आणि मालक लोक फोनवर मला नेहमी हाच हिशोब ऐकवतात, अंतर भागिले वेग. मी त्यांना विचारतो की २२ नॉट सोडावे लागले तर काय? तेव्हा डिझेल पुरेल का, उजेड पुरेल का, मध्ये शिरायला बंदर आहे का आणि ते बंदर कोणत्या देशात आहे? ह्या चारही प्रश्नांना ७ नॉटच्या वेगाला "हो" उत्तर येत असेल तर खुशाल २२ नं जा, मजा करा. नसेल येत तर तुमचा प्लॅन फक्त चांगल्या दिवसासाठी आहे.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगून टाकतो. तुमचा किनारा उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे की बेटांच्या आडोशाला, भरती-ओहोटीचा फरक अर्धा मीटर आहे की पाच मीटर, बोटीचा तळ खोल व्ही आहे की चपटा, तुम्ही स्वतः उघड्या समुद्रात किती चालवलंय, ह्यातलं काहीच प्रश्नात नाही. त्यामुळे खालचे आकडे समजण्यापुरते धरा आणि स्वतःच्या बोटीचे काढा.

आता ७ नॉटच का. तुमच्या बोटीची पाण्यातली लांबी साधारण १० मीटर म्हणजे ३३ फूट असेल, त्याचं वर्गमूळ पावणेसहा, गुणिले १.३४, म्हणजे पावणेआठ नॉटच्या आसपास. त्याच्या खाली बोट पाणी कापत शांतपणे जाते. त्याच्या वर गेलात की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते, नाळ म्हणजे पुढचं टोक आकाशाकडे, मागची बाजू पाण्यात रुतलेली, आणि इंजिनं जीव तोडून राबतात. मग एकदा का ती वर येऊन पाण्यावर सरकायला लागली की परत बरं. लाटा समोरून आल्या की २२ नॉट ठेवता येत नाहीत, बोट आपटते, माणूस थ्रॉटल मागे घेतो आणि बोट नेमकी त्या मधल्या पट्ट्यात १२-१४ नॉटवर अडकते जिथे मैलामागे सगळ्यात जास्त डिझेल जातं. सावकाश गेलं की डिझेल वाचतं असं सगळे म्हणतात, ते ७ नॉटला खरंय, १३ ला अगदी उलटं होतं.

तुमच्याच आकड्यांवर बघा. २२ नॉटला ७० लिटर म्हणजे मैलाला ३.२ लिटर. आता पाच माणसं, त्यांचं सामान, पाण्याची टाकी फुल, तळाला थोडं शेवाळ, समजा १९ नॉट मिळतायत आणि तासाला ७८ लिटर जातायत, झाले मैलाला ४.१. समोरून लाटा, १३ नॉट, ६२ लिटर, झाले ४.८ लिटर. १४० मैलांना ६७० च्या वर. आणि ७०० लिटरच्या टाकीत ७०० लिटर वापरता येत नाहीत, तळाशी राहिलेलं डिझेल बोट हलायला लागली की पाइपच्या तोंडापासून इकडेतिकडे पळतं आणि इंजिन हवा ओढतं, त्यामुळे मी १० टक्के सरळ विसरून जातो. राहिले ६३०. म्हणजे खराब दिवशी तुम्ही १३१ मैलांवर, बंदर ९ मैल लांब असताना, दुसऱ्याच्या देशाच्या पाण्यात तरंगत बसणार. ७ नॉटला दोन्ही इंजिनं मिळून समजा १२ लिटर जातील, मैलाला १.७, डिझेलची चिंताच मिटली, पण १४० भागिले ७ म्हणजे वीस तास, रात्र आलीच.

हे सगळे आकडे मी समजा म्हणून धरलेत. तुमचे खरे आकडे कसे काढायचे तर एका शांत दिवशी सगळ्यांना आणि सगळं सामान घेऊन बाहेर पडा, ५०० आरपीएमच्या टप्प्यानं प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं स्थिर चालवा, जीपीएसचा वेग आणि फ्लो मीटरचा (डिझेल किती जातंय ते मोजणारा) आकडा लिहा, तेच उलट दिशेला करा आणि सरासरी घ्या म्हणजे प्रवाहाचा परिणाम जाईल. फ्लो मीटर नसेल तर टाकी काठोकाठ भरून ठरावीक आरपीएमवर दोन तास चालवून परत भरा. आधीच्या मालकानं सांगितलेल्या आकड्यावर मी कधीच जात नाही, खोटं बोलतात म्हणून नाही, त्यांनी तो रिकाम्या बोटीवर बघितलेला असतो. मोटरबोटवाल्यांचा जुना नियम आहे, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. तुम्ही मध्ये डिझेल भरणार आहात त्यामुळे मी तो असा वापरेन की प्रत्येक टप्प्याच्या शेवटी, खराब दिवसाच्या हिशोबानं, टाकीत एक तृतीयांश उरलं पाहिजे. तुमच्या बाबतीत साधारण २३० लिटर.

डिझेलवरून आठवलं, दोन इंजिनं आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. दोन्ही एकाच टाकीतलं डिझेल पितात. वर्षभर बंदरात उभ्या असलेल्या बोटीच्या टाकीच्या तळाला गाळ, पाणी आणि त्या पाण्यात वाढणारं चिकट बुरशीसारखं काहीतरी साचलेलं असतं, शांत पाण्यात ते खाली बसून राहतं आणि लाटा मोठ्या झाल्या की सगळं ढवळून वर येतं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद. म्हणजे इंजिन नेमकं खवळलेल्या समुद्रात बंद पडतं ते नशीब फुटकं म्हणून नाही, खवळलेला समुद्र हेच त्याचं कारण आहे. आणि पहिल्याचं जे झालं तेच दहा मिनिटांत दुसऱ्याचं. त्यामुळे निघायच्या आधी टाकीच्या तळातून नमुना काढून काचेच्या बरणीत बघा, गढूळ असेल तर टाकी साफ करून घ्या, दोन्ही इंजिनांचे फिल्टर नवीन टाका, शिवाय प्रत्येकी तीन-चार जास्तीचे सोबत ठेवा. फिल्टर बदलून सिस्टीममधली हवा काढायचं काम धक्क्याला बांधलेल्या बोटीवर दोनदा करून बघा, तुम्ही एकदा आणि मित्रांपैकी कोणीतरी एकदा, कारण त्या वेळी तुम्ही सुकाणूवर असणार. इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी रबरी चक्री), बेल्ट, तेल, कूलंट, होसचे क्लॅम्प हे तर आहेच. हे वाचणाऱ्या कोणाची बोट पेट्रोलची असेल तर त्यांना एवढंच की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बिल्जमध्ये म्हणजे तळातल्या पोकळीत साठते, इंजिन चालू करायच्या आधी ब्लोअर म्हणजे तिथली हवा बाहेर फेकणारा पंखा किमान चार मिनिटं चालवायचा आणि तरी नाक लावून वास घ्यायचा.

आता टप्पे. माझ्या मते ह्या प्रवासाचा कणा म्हणजे सीमेच्या अलीकडचं तुमच्याच देशातलं शेवटचं चांगलं बंदर. ते नकाशावर शोधा. समजा ते ८५ मैलांवर आहे, पुढे ५५ उरतात. पहिल्या दिवशी तिथपर्यंत, टाकी भरा, झोपा, निघायचे कागद तिथे होत असतील तर तिथेच करा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शेवटचा टप्पा. ८५ मैल ७ नॉटनं बारा तास, ५५ मैल आठ तास, दोन्ही उजेडात बसतात. आणि ८५ मैलांना ४.८ नं ४१० लिटर गेले तरी टाकीत २९० राहतात. एकदम सगळं गणित सुटतं, आणि चांगला दिवस मिळाला तर पहिला टप्पा चार तासांत संपेल, संध्याकाळ मोकळी.

सीमेआधीच का, तर सीमेपर्यंत वारं वाढलं, कोणाला उलट्या सुरू झाल्या, इंजिन गरम व्हायला लागलं तर तुम्ही कुठल्याही खाडीत, कुठल्याही धक्क्याला जाऊ शकता, कोणी विचारत नाही. पलीकडे तसं नसतं. किनाऱ्यापासून १२ मैलांपर्यंत त्या देशाचा प्रादेशिक समुद्र, १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारानुसार तुम्हाला तिथून निर्धोकपणे जायचा हक्क आहे पण न थांबता जायचा. थांबणं, नांगर टाकणं हे चालतं ते नेहमीच्या नौकानयनात ओघानं येत असेल तर, किंवा संकट असेल किंवा नाइलाज झाला असेल तर. मस्त निळंशार पाणी दिसलं म्हणून पोहायला नांगर टाकला, ह्याला नाइलाज म्हणत नाहीत. तिथे आधी अधिकृत प्रवेश बंदर म्हणजे जिथे कस्टम्स आणि इमिग्रेशन दोन्ही आहे अशाच ठिकाणी जायचं. खरंच अडचण आली तर कुठल्याही बंदरात शिरा, जीव महत्त्वाचा, पण शिरायच्या आधी रेडिओवर त्यांच्या कोस्ट गार्डला किंवा बंदराला सांगा, वेळ लिहून ठेवा, आणि आत गेल्यावर बोटीवरून उतरू नका. म्हणून पुढे जायचं की नाही हा निर्णय घ्यायची जागा ते शेवटचं बंदर, सीमा ओलांडल्यावर नाही.

वाटेतली प्रत्येक निसटायची जागा आधीच काढून कागदावर लिहा, साधारण २०-३० मैलांना एक असली तर छान. पण नुसतं नाव लिहून उपयोग नाही, कुठल्या दिशेच्या वाऱ्यात ती बंद होते ते लिहा. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल आणि बाहेरून मोठी लाट येत असताना आतून ओहोटीचं पाणी बाहेर पडत असेल तर तिथे लाटा उभ्या राहून फुटतात, आणि ते बाहेरून दिसत नाही कारण तुम्हाला लाटेची पाठ दिसते. अशा ठिकाणी भरतीच्या पाण्याबरोबर आत जायचं नाहीतर बाहेरच थांबायचं. उधाणाच्या म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या दिवसांत हे सगळं जास्त जोरात, भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत कमी, तारीख निवडायची मोकळीक असेल तर भांगाचे दिवस धरा.

हवामानाबद्दल लोक फक्त वाऱ्याचा वेग बघतात. मी आधी लाटेची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर, सेकंदांत, हे जोडीनं बघतो. दीड मीटर लाट दहा सेकंदांची असेल तर बोट उंचसखल होत निवांत जाते, सव्वा मीटर लाट चार सेकंदांची असेल तर दात हलतात. आणि अंदाजात जी उंची देतात ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, मधूनच एखादी जवळजवळ दुप्पट येणार हे धरूनच चालायचं. दुसरं म्हणजे वारं आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, तेच वारं प्रवाहाच्या दिशेनं असेल तर समुद्र बराच बसलेला वाटतो, म्हणून भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार असेल तिथे निघायची वेळ घड्याळ बघून नाही, प्रवाह बघून ठरते. मोठ्या भूशिरांना वळसा घालताना वारं आणि प्रवाह दोन्ही वाढतात, तिथे दोन-तीन मैल बाहेरून जा. आणि पहाटे निघायचं कारण फक्त उजेड नाही, उन्हाळी दिवसांत दुपारी खारे वारे उठतात, सकाळी आरशासारखं असलेलं पाणी तीन वाजता ओळखू येत नाही.

दोन वेगवेगळ्या मॉडेलचे अंदाज बघा, अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ हे दोन सगळीकडे मिळतात, आणि दोघं वेगळं सांगत असतील तर आपल्या आवडीचा निवडू नका, वेगळं सांगतायत म्हणजे हवा अजून ठरलेली नाही एवढाच अर्थ घ्या. तुमच्या बोटीला, ह्या मंडळींसोबत, मी बोफोर्ट (वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी) ४ म्हणजे ११ ते १६ नॉट वाऱ्याच्या वर अंदाज असेल तर शेवटचा टप्पा सुरू करणार नाही, समोरून असेल तर ४ ला पण विचार करेन. हा आकडा घरी बसून लिहा, सगळ्यांना दाखवा. बंदरात सकाळी सहा वाजता पाच उतावळ्या माणसांमध्ये उभं राहून ठरवायची ही गोष्टच नाही. मित्रांसोबत जाण्यातली अडचण इथेच आहे, कोणाला वाईट वाटू नये म्हणून माणूस बोट घेऊन निघतो, अनोळखी गिऱ्हाईक असतं तर सरळ नाही म्हणाला असता.

रात्रीचं उत्तर एका ओळीत, अशा बोटीनं प्लेनिंगच्या म्हणजे पाण्यावर सरकायच्या वेगात रात्री जायचं नाही. मच्छीमारांची जाळी, त्यांचे दोर, वाहून आलेले ओंडके ह्यातलं रडारवर धड काही दिसत नाही. दिवसासुद्धा एक जण फक्त पुढे बघायला ठेवा, आणि मोठ्या जहाजांचे ठरवून दिलेले मार्ग आडवे आले तर ते काटकोनात ओलांडा, तिरके नाही, १९७२ च्या टक्कर प्रतिबंधक नियमांतला दहावा नियम वाचून घ्या.

माणसांबद्दल. वेगात आपटणाऱ्या बोटीत नाळेकडच्या गादीवर बसून मणक्याला कायमची इजा झालेली माणसं आहेत, हे अजिबात अतिशयोक्तीनं सांगत नाहीये, तर चालू बोटीत सगळे मागे किंवा मधल्या भागात, आणि आपटायला लागली तर गुडघे सैल ठेवून उभे. बोट लागण्याची गोळी निघायच्या आधी किमान तासभर, उलटी यायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तुम्ही स्वतः घेणार असाल तर घरी एकदा घेऊन बघा. लाइफ जॅकेट अंगात घालून, कपाटात नाही. दारू दोर बांधल्यानंतर. ह्यावर मी वाद घालत नाही.

त्या पाचांत तुमच्याशिवाय आणखी एक जण असा हवा जो तुम्ही पाण्यात पडलात किंवा छातीत दुखून आडवे झालात तर बोट थांबवू शकेल, वळवू शकेल आणि मदत मागू शकेल. त्याला शिकवायला एक दुपार पुरते. माणूस पडला की एकानं फक्त हाताचं बोट त्याच्याकडे दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही, एकानं तरंगणारं काहीतरी फेकायचं, प्लॉटरचं (नकाशा दाखवणाऱ्या स्क्रीनचं) एमओबी म्हणजे 'माणूस पाण्यात' हे बटण दाबायचं, आणि माणूस जवळ आला की इंजिन न्यूट्रल नाही, बंद. आणि पडलेल्याला वर कसं घ्यायचं हे बंदरात करून बघा, ओल्या कपड्यातला मोठा माणूस दोघांना उचलत नाही, शिडी पाण्यात बसून हाताला लागते का ते तपासा.

रेडिओ. मोबाईलवर विसंबू नका, किनाऱ्यापासून थोडं बाहेर आणि सीमेच्या आसपास तो कधी कुठल्या देशाचं नेटवर्क पकडेल सांगता येत नाही. बसवलेला २५ वॉटचा व्हीएचएफ म्हणजे बोटीवरचा रेडिओ हवा, डीएससीवाला (बटण दाबून संकटाचा डिजिटल संदेश पाठवणारा), त्यात एमएमएसआय नंबर (बोटीचा रेडिओ ओळख क्रमांक) टाकलेला आणि जीपीएस जोडलेला, म्हणजे लाल बटण पाच सेकंद दाबलं की चॅनेल ७० वर तुमची जागा आपोआप जाते, मग चॅनेल १६ वर बोलायचं. व्हीएचएफ सरळ रेषेत चालतो म्हणून अँटेनाची उंची महत्त्वाची, पाण्यापासून ४ मीटरवरची तुमची अँटेना आणि १०० मीटर डोंगरावरचं किनारा केंद्र ह्यांच्यात २५ मैलांच्या आसपास मिळतात, तशाच दोन बोटींमध्ये नऊ-एक. हातातला ५ वॉटचा सेट जास्तीचा म्हणून ठेवा, मुख्य म्हणून नाही. मेडे कॉलचे म्हणजे जिवावरच्या संकटात मदत मागायचे शब्द, बोटीचं नाव, कॉल साइन, मोठ्या अक्षरात लिहून सेटच्या शेजारी चिकटवा. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारं यंत्र) घ्या आणि तो तुमच्या बोटीच्या नावावर रजिस्टर करा, रजिस्टर नसलेला ईपर्ब वाजला तर शोधणाऱ्यांना कोणाला फोन करायचा तेच कळत नाही. आणि किनाऱ्यावर एका भरवशाच्या माणसाकडे मार्ग, थांबे, सगळ्यांची नावं आणि एक ठरलेली वेळ द्या, त्या वेळेपर्यंत तुमचा निरोप नाही आला तर त्यानं नेमक्या कुठल्या नंबरवर फोन करायचा हेही लिहून द्या. इथे एक बारीक गोष्ट, पलीकडच्या देशाचा टाइम झोन वेगळा असेल तर निरोपाची वेळ, भरतीची वेळ आणि कस्टम्स बंद व्हायची वेळ ह्यांत तासाचा घोळ होतो. मी प्रवासभर एक घड्याळ निघालेल्या बंदराच्या वेळेवर ठेवतो आणि सगळं त्यातच लिहितो.

कागदपत्रं हा कंटाळवाणा भाग पण सगळ्यात जास्त ट्रिपा इथेच अडकलेल्या बघितल्यात. बोटीच्या नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र, झेरॉक्स नाही. रेडिओचं लायसन्स, तुमचं बोट चालवायचं प्रमाणपत्र, ते त्या देशात चालतं का हे आधी विचारा, युरोपात बऱ्याच ठिकाणी आयसीसी म्हणजे बोट चालवायचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मागतात. विम्याच्या पॉलिसीत कुठपर्यंत जायची परवानगी आहे ते शब्दन् शब्द वाचा, बऱ्याच पॉलिसी स्वतःच्या देशाच्या पाण्यापुरत्या असतात, वाढवून घ्यायला लागतात आणि त्याचं लेखी पत्र हवं. बोट कंपनीच्या नावावर किंवा कर्जावर असेल तर त्यांचं परवानगी पत्र. मित्र खर्च वाटून घेणार असतील तर डिझेल आणि बंदराचं भाडं वाटणं आणि "माणशी इतके द्या" म्हणून पैसे घेणं ह्यात कायदा फरक करतो, दुसऱ्या प्रकारात तुम्ही व्यावसायिक बोट ठरू शकता आणि विमा हात वर करतो. मित्रांपैकी कोणाचा पासपोर्ट वेगळ्या देशाचा असेल तर त्याचं वेगळं बघा, बरेच ई-व्हिसा ठरावीक विमानतळांवर आणि मोजक्या बंदरांतच चालतात. कोणी तिकडून विमानानं परतणार असेल तर ते पोचल्यावरच अधिकाऱ्यांना सांगा, बोटीनं आलेला माणूस बोटीनंच गेला पाहिजे असं कागदावर असतं. औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट, आणि सॅटेलाइट फोन किंवा ड्रोन नेणार असाल तर परवानगी विचारा, काही देशांत विनापरवाना सॅटेलाइट फोन थेट गुन्हा आहे. सगळ्यांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर असलेली क्रू लिस्ट, पाच-सहा प्रती, सही करून.

निघताना तुमच्या देशातून बाहेर पडल्याचा शिक्का आणि पोर्ट क्लिअरन्स लागत असेल तर घ्या, पुढचं बंदर "आधीचं बंदर सोडल्याचा कागद" मागतं. तिकडे यायच्या किती तास आधी कळवायचं, ऑनलाइन की फोनवर, हे देशानुसार बदलतं, त्यांच्या सरकारी साइटवर बघा आणि शिवाय त्या मरीनाला (खासगी बोटी लावायचा धक्का) ईमेल करा, मरीनावाल्यांना प्रत्यक्ष काय चालतं ते माहीत असतं. प्रादेशिक पाण्यात शिरलात की पिवळा क्यू झेंडा (प्रवेशाची तपासणी अजून व्हायची आहे अशी खूण) उजव्या बाजूला वर, तुमच्या देशाचा झेंडा मागे. धक्क्याला लागल्यावर फक्त कप्तान सगळे पासपोर्ट घेऊन जातो, बाकीचे बोटीवरच, पाय मोकळे करायला पण उतरायचं नाही. काम झालं की पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा चढवा, न फाटलेला. ऑफिस शनिवार-रविवार बंद असेल तर जास्तीचे पैसे किंवा सोमवारपर्यंत बोटीवर बसणं, म्हणून मी पोचण्याचा दिवस मंगळवार ते गुरुवार असा धरतो.

नकाशांचं एक, प्लॉटरमधला चार्ट बऱ्याचदा सीमेच्या थोडं पुढे संपतो किंवा ढोबळ होतो, निघायच्या आठवडाभर आधी त्या बंदराचा प्रवेशमार्ग पूर्ण झूम करून बघा.

आता परतीचं, कारण तुमच्या प्लॅनमधला मला सगळ्यात न आवडलेला शब्द "चौथ्या दिवशी" हा आहे. जाताना सगळे सावध असतात, येताना सोमवारचं ऑफिस दिसत असतं आणि मग बोफोर्ट ५ चा ४ वाटायला लागतो. दोन टप्प्यांत गेलात तर येताना पण दोनच टप्पे, म्हणजे चार दिवस प्रवासातच गेले. सहा दिवस मिळत असतील तर जा, त्यातले दोन हवामानाचे समजा. चारच असतील तर ह्या वेळी सीमेअलीकडच्या त्या शेवटच्या बंदरापर्यंत जाऊन या, तीही छान ट्रिप आहे आणि पुढच्या वेळेचा निम्मा अभ्यास होतो. आणि परदेशात जाणारच असाल तर बोट तिथेच ठेवून घरी यायची सोय आधी बघून ठेवा: मरीनात आठवडाभर जागा मिळते का, विमा तिथे उभ्या बोटीला चालतो का, तुमच्या मागे बोट तिथे ठेवायला कस्टम्सला वेगळा कागद लागतो का, बस किंवा विमान कुठून. बोटीनं आलेल्या पाचही जणांची नावं क्रू लिस्टमधून काढायला लागतील ते कसं, हे पोचल्या दिवशीच विचारून घ्या, निघायच्या घाईत नको.

आरपीएम, वेग आणि लिटरचा तक्ता झाला की इथे टाका, शिवाय बोटीचा तळ कसा आहे आणि त्या शेवटच्या बंदरापासून पुढचं अंतर नक्की किती ते लिहा, मग शेवटच्या टप्प्याचं डिझेल खऱ्या आकड्यांनी मांडून देतो.